‘ई-बुक काढलं की फुटणार’ म्हणणाऱ्या प्रकाशकाशी काय बोलावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. खानापूर तालुक्यातल्या एका गावात तुम्ही वाचनालय चालवता. आपल्या भागातल्या दोन-तीन लेखकांची पुस्तकं बेळगाव आणि कोल्हापूरच्या प्रकाशकांनी पूर्वी काढली होती, ती आता कुठे मिळत नाहीत. गावची पोरं पुणे, बंगळूर, गोवा, काही तर आखातात. ती मोबाईलवर वाचायला पुस्तक मागतात. लेखक तयार आहेत, जे हयात नाहीत त्यांच्या घरचेही तयार आहेत. अडलंय ते प्रकाशकांपाशी. त्यांचं एकच म्हणणं, “ई-बुक काढलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फुकट फिरणार.” त्यांना पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं जुळवायचं, काम करतो. छापील पुस्तकांच्या जोडीने ई-बुकंही तयार करून देतो, आणि लेखक-प्रकाशक यांच्यामध्ये बसून बोलणी करायची वेळही बरेचदा माझ्यावरच येते. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो. पायरसी होत नाही, हे पटवायच्या भानगडीत पडू नका. ती होते, आणि अख्खं आयुष्य या धंद्यात घालवलेल्या माणसाला ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. शिवाय हा वाद तुम्ही जिंकलात तरी ई-बुक निघेलच असं नाही, कारण घोडं बहुतेक वेळा दुसरीकडेच अडलेलं असतं. काम किती वाढणार, पैसे कोण घालणार, उद्या काही झालं तर अंगावर कोणाच्या येणार, हे प्रकाशकाच्या मनातले खरे प्रश्न. त्यांची उत्तरं तयार करून गेलात, तर फुटण्याची भीती राहते, पण ती नकाराचं कारण राहत नाही.

आता कोणत्या पुस्तकाबद्दल बोलतोय यावर बरंच अवलंबून आहे, ते आधी मान्य करू. स्पर्धा परीक्षेची गाईडं, प्रश्नसंच, अकरावी-बारावीच्या नोट्स काढणारा प्रकाशक घाबरत असेल तर तो बरोबर आहे. विद्यार्थ्याला ते पुस्तक सहा महिनेच हवं असतं, एकाने घेतलं की वर्गातल्या सगळ्यांना पुरतं, आणि टेलिग्रामवर त्यासाठी वेगळे चॅनेलच चालतात. दिल्ली उच्च न्यायालयात नीतू सिंग या स्पर्धा परीक्षेच्या शिक्षिकेने टेलिग्रामवर दावा लावला होता तो अशाच साहित्यासाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलांमागची माणसं, त्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करायला सांगितलं. म्हणजे त्या क्षेत्रात नुकसान किती खरं असतं ते बघा. अशा प्रकाशकाला मी ई-बुक काढाच म्हणून गळ घालत नाही.

तुम्ही म्हणता ती पुस्तकं मात्र गावच्या आठवणी, कथासंग्रह, सीमालढ्यातल्या कार्यकर्त्याचं आत्मकथन अशी आहेत. हजाराची आवृत्ती निघाली, पाच-सात वर्षांत कशीबशी संपली, दुसरी निघाली नाही. या पुस्तकांना चोरांची भीती नाही, विसरले जाण्याची आहे. कविता तर सोडूनच द्या. कवितासंग्रहाची पायरसी झाली तर कवी पेढे वाटेल. आणि यांच्या मधला एक प्रकार आहे, म्हणजे खपणाऱ्या कादंबऱ्या आणि चरित्रं. तिथे थोडं नुकसान, थोडा फायदा असा मामला असतो. सरसकट उत्तर देता येत नाही. म्हणून प्रकाशकाकडे जाताना ‘तुमची सगळी पुस्तकं ई-बुकात आणा’ असं म्हणू नका. एका पुस्तकाचं नाव घेऊन जा, आणि ते असं निवडा की ज्याच्या छापील प्रती गोडाऊनमध्ये पडून नाहीत. ज्या पुस्तकाचे तीनशे प्रतींचे गठ्ठे अजून घरात आहेत, त्याचं ई-बुक मागितलंत तर ‘मग ह्यांचं काय करू?’ हा प्रश्न तो विचारणारच, आणि रास्त विचारणार.

भीतीबद्दल एकच मुद्दा बोलायचा असेल तर हा बोला. मराठी पुस्तकांच्या ज्या पीडीएफ फिरतात, त्यांतल्या कितीतरी ई-बुकातून फुटलेल्या नसतातच. एका प्रकाशकांनी मला फोन पुढे करून दाखवलं, “हे बघा, माझंच पुस्तक ग्रुपवर आलंय, आणि तुम्ही ई-बुक काढा म्हणता!” मी ती फाईल उघडली. पहिल्याच पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, खाली दाखल क्रमांक. चौथ्या-पाचव्या पानाच्या कडेला पान दाबून धरलेला अंगठा. मधली दोन पानं तिरकी, एक पान दोनदा. कोणीतरी वाचनालयातलं पुस्तक घरी नेऊन मोबाईलच्या स्कॅनिंग ॲपवर पानं ओढली होती. दीडशे पानांना तासभर पुरतो. त्या पुस्तकाचं ई-बुक कधी निघालंच नव्हतं. मी एवढंच म्हणालो की हे रोखायचं असेल तर छापणंच बंद करावं लागेल. ते हसले, आणि तिथून बोलणं जरा सैल झालं.

मोठं उदाहरण हवं असेल तर हॅरी पॉटरचं आहे. शेवटचा भाग जुलै २००७ मध्ये यायचा होता. अधिकृत ई-बुक नव्हतंच, तरी प्रकाशनाच्या आधीच छापील प्रतीच्या पानांचे फोटो इंटरनेटवर आले. अधिकृत ई-बुकं निघाली थेट मार्च २०१२ मध्ये, आणि लेखिकेच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून मिळणाऱ्या ई-पब फाईलला (पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणारा हा ई-बुकाचा प्रकार) कॉपी रोखणारं कुलूपही लावलेलं नव्हतं. खरेदीदाराची खूण तेवढी आत घातलेली होती. त्याच वर्षी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनाने आपल्या ई-बुकांवरचं डीआरएम, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, काढून टाकलं. वर्षभराने त्यांच्या ब्रिटनमधल्या संपादकांनी सांगितलं की पायरसीत दखल घ्यावी अशी वाढ झालेली नाही. ही इंग्रजीची गोष्ट, तिथला वाचक वेगळा, हे प्रकाशक म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मी ही उदाहरणं पुराव्यासारखी आपटत नाही, बोलता बोलता सांगतो.

आता अडतं कुठे ते बघू. माझ्या अनुभवात ‘पायरसी’ हा शब्द प्रकाशक बरेचदा दुसरं काहीतरी झाकायला वापरतात. सगळ्यांत जास्त वेळा झाकलेली असते ती हक्कांची गोष्ट. आपल्याकडे कित्येक पुस्तकं तोंडी बोलीवर किंवा अर्ध्या पानाच्या पत्रावर निघालेली आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षांसाठीच धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतेच. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असंही घातलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. आता १९८८ सालचं पत्र घेऊन बसलेल्या प्रकाशकाला आतून माहीत असतं की ई-बुकाचे हक्क आपल्याकडे नाहीत. ते लेखकाकडे मागायला गेलो तर जुना हिशोबही निघेल, ही धास्ती वेगळीच. मग ‘फुटणार हो’ म्हणणं सोपं पडतं. (त्या दुरुस्तीचा जुन्या करारांवर कितपत परिणाम होतो, हे वकिलाला करार दाखवूनच विचारा. मी डीटीपीवाला.)

म्हणून तुमचं पहिलं काम प्रकाशकाकडे जायचं नाही, लेखकाच्या घरी जायचं आहे. लेखक हयात असतील तर त्यांच्याकडून, नसतील तर सगळ्या वारसांकडून एका कागदावर सही घ्या: अमुक पुस्तकाचं ई-बुक अमुक प्रकाशकांनी काढायला आमची संमती आहे, मुदत तीन वर्षं, हक्क एकाधिकाराचे नाहीत, उत्पन्नातला वाटा इतका. सगळे वारस म्हणजे सगळे. एक मुलगी सासरी चिकोडीला आणि एक भाऊ ठाण्याला असेल तर त्यांच्याही सह्या लागतात. ‘ती काय म्हणतेय’ असं म्हणून सोडून दिलेली सहीच पुढे नडते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. उलट साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं झालंय, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या यादीत एखादा असा जुना लेखक निघाला तर त्याच्यापासूनच सुरुवात करा, प्रकाशकाला काम कसं होतं ते दिसेल.

हा संमतीचा कागद टेबलावर ठेवलात की प्रकाशकाच्या चेहऱ्यात फरक पडतो, हे मी पाहिलंय. जी गोष्ट काढायला त्याला संकोच वाटत होता ती तुम्ही परस्पर निस्तरून आणलेली असते.

दुसरं झाकलेलं कारण म्हणजे हिशोब. छापील प्रती किती खपल्या, हे लेखकाला कधीच नीट कळत नाही. ई-बुकाच्या दुकानात मात्र आकडा दरमहा समोर येतो. सगळ्यांना हे आवडतंच असं नाही, एवढंच म्हणतो.

तिसरं कारण फाईल. ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण अर्ध्या चांगल्या मराठी ई-बुकांचा घात इथेच होतो. जुनी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखी दिसणारी युनिकोड अक्षरं येण्याआधीच्या. फाईल असली तर. बरेचदा डीटीपी करणारा धंदा बंद करून गेलेला असतो, सीडी बुरसलेली असते, आणि प्रकाशकाकडे उरतात ते प्लेट काढण्यासाठी केलेले बटर पेपर. फाईल मिळाली तरी फॉन्ट युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि त्या बदलात काय काय होतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. ओळ भरायला डीटीपीवाल्याने हाताने टाकलेले हायफन तसेच राहतात आणि मोबाईलवर ओळीच्या मधोमध ‘बेळ-गाव’ असं वाचायला मिळतं. पानाच्या तळाचा आकडा वाक्यात घुसतो: ‘आबा ओसरीवर ४७ बसले होते’. कवितेच्या ओळी एकात एक मिसळतात.

फाईल नसेल तर पुस्तक स्कॅन करून ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखून घ्यायचं काम, करावं लागतं. गुगलचं ओसीआर आता मराठी बरंच चांगलं वाचतं, पण अनुस्वार आणि पाय मोडलेली अक्षरं अजून चुकवतं. दोन्ही रस्त्यांनी शेवटी माणसाने छापील प्रत हातात धरून ओळ न् ओळ प्रूफ तपासावंच लागतं. आपल्या भागातल्या पुस्तकांत तर आणखी एक धोका असतो. संवादातली बोली, कानडी वळणाची वाक्यं, गावची नावं, शेतीचे शब्द हे पुण्याला कामाला दिलं की ‘शुद्ध’ होऊन येतं. मुद्दाम केलेलं नसतं, तिकडच्या मुलांना ती चूकच वाटते. तेव्हा प्रूफ गावात तपासा. तुमच्या वाचनालयात निवृत्त शिक्षक बसत असतीलच सकाळी पेपर वाचायला. मराठी शाळेत तीस वर्षं वह्या तपासलेली नजर या कामाला फार उपयोगी. प्रकाशकाला सांगा, प्रूफ आमचं. त्याचा सगळ्यांत मोठा व्याप तिथेच कमी होतो, आणि खर्चही.

आणि पीडीएफ नको, ई-पब करा. छापायची पीडीएफ तशीच विकायला ठेवली तर ती मोबाईलवर वाचताच येत नाही, दर ओळीला बोटांनी पान ताणावं लागतं. आणि पुढे पाठवायला तीच सगळ्यांत सोपी. ई-पबमध्ये अक्षर मोठं करता येतं. तुमच्या वाचनालयातल्या साठीपुढच्या वाचकांना ते दाखवा, पोरांपेक्षा तेच आधी मागतील. दृष्टिहीन वाचकांसाठीही युनिकोडमधला मजकूर फोन वाचून दाखवतो, स्कॅन केलेल्या चित्रांपुढे तो मुका. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुलभ प्रत करायला कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, आणि त्यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा आपला देश जगात पहिला. प्रकाशकाला ही गोष्ट सांगितलेली चालते. त्यालाही आपलं पुस्तक चांगल्या कामाला आलेलं आवडतं.

आता कुलूप लावायचं की नाही. प्रकाशकाला लावायचं असेल तर लावू द्या, त्यावर अडून बसू नका. ॲमेझॉनचं किंडल आणि गुगल प्ले बुक्स या दोन्ही ई-बुक दुकानांत डीआरएम हवं की नको हे पुस्तक चढवताना प्रकाशकालाच ठरवता येतं. बुकगंगासारख्या मराठी दुकानाची ई-बुकं त्यांच्याच ॲपमधून वाचायची असतात. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणं हाही कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ऐकून प्रकाशकाला बरं वाटतं. माझं स्वतःचं मत कुलपापेक्षा खुणेच्या बाजूने आहे: प्रत्येक प्रतीत विकत घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक. आपल्याकडे माणसं एकमेकांना ओळखतात. स्वतःचं नाव असलेली फाईल ग्रुपवर टाकायला माणूस दहादा विचार करतो. कुलपाचा त्रास होतो तो पैसे देऊन घेणाऱ्याला. फोन बदलला, मेल आयडी विसरला, पुस्तक गेलं. दुकानच बंद झालं तर आणखी वेगळं. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये ई-बुकं विकणं थांबवलं आणि ग्राहकांना कोबो या दुसऱ्या ई-बुक दुकानाकडे पाठवलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दुकानाला टाळं लावलं, पैसे परत केले, पण पुस्तकं गेली. म्हणून मूळ ई-पब फाईल प्रकाशकाकडे आणि लेखकाकडे, दोघांकडेही असलीच पाहिजे, ही अट करारात घाला.

तरीही फुटलं तर? याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं, कारण हा प्रश्न येणारच. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे हक्कधारकाने लेखी तक्रार दिली की ती लिंक किंवा फाईल साठवणाऱ्या सेवेने ३६ तासांच्या आत ती थांबवायची असते. पुढे २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू होऊ शकते, ही त्यातली मेख. पण माझा अनुभव असा की गावगावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फाईलसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ॲडमिनला फोन करून ‘हे विकत मिळतंय, ही लिंक, फाईलऐवजी ती टाका’ म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. त्यासाठी विकत मिळणारी लिंक असावी लागते, हेच प्रकाशकाच्या ध्यानात आणून द्यायचं. आज कोणी प्रामाणिकपणे पैसे द्यायला तयार असला तरी देणार कुठे? तक्रार करायचं काम वाचनालयाने अंगावर घ्यावं, महिन्यातून एकदा पुस्तकाचं नाव टाकून शोधलं तरी पुरे.

पैशांचं थोडक्यात. समजा छापील किंमत २५० रुपये आहे आणि ई-बुक १२० ला ठेवलं. किंडलवर ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. कर बाजूला ठेवले तर पहिल्यात ४२ रुपये हातात येतात, दुसऱ्यात ८४, त्यातून फाईलच्या आकाराप्रमाणे थोडी कपात. म्हणून आतले फोटो हलके करून घ्या. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या किंडलच्या योजनेत घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसऱ्या कोणत्याच दुकानात ठेवता येत नाही. मी सुरुवातीला ३५ घेऊन सगळीकडे ठेवा म्हणतो. आपला वाचक कोणत्या दुकानातून येतो हेच अजून माहीत नसतं. आलेल्या पैशांचे प्रकाशक आणि लेखक यांच्यात निम्मे-निम्मे. ४२ चे २१. छापील पुस्तकाची दहा टक्के रॉयल्टी २५ होते, जिथे देतात तिथे, त्यामुळे लेखकाचंही फार नुकसान नाही. आणि प्रकाशकाला कागद नाही, बायंडिंग नाही, वितरकाकडे अडकलेली उधारी नाही. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-बुकाला आहे: छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकावरचा दर जुलै २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. लहान प्रकाशक ‘जीएसटी’ म्हटलं की खुर्चीतून उठतात, म्हणून त्यांच्या सीएला आधीच गाठून ठेवा. ई-बुकाचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळा घ्यायचा, तो आपल्याकडे फुकट मिळतो.

प्रकाशकाला सगळ्यांत जास्त काय पटतं? नोंदणी. प्रकाशनपूर्व सवलत ही पद्धत त्याच्या रक्तात आहे, आधी पैसे, मग पुस्तक. तीच ई-बुकाला लावा. थंडीत आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशी गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल असतात, तिथे एक टेबल आणि एक वही ठेवा. नाव, फोन, मुलगा-मुलगी कुठे असते, कोणतं पुस्तक हवं, आणि शंभर रुपये आगाऊ. आगाऊ घ्याच. नुसतं ‘हवंय’ म्हणणाऱ्यांची यादी लांबलचक होते आणि तिला काही अर्थ नसतो. पन्नास जणांनी पैसे भरलेली वही तुम्ही प्रकाशकासमोर उघडली, आणि त्यात दुबई, हिंजवडी, मडगाव, व्हाइटफिल्ड अशी गावं दिसली, की तो स्वतःहून हिशोब करू लागतो. कारण या माणसांना छापील पुस्तक तो एरवीही विकू शकत नव्हता. खानापूरच्या पलीकडच्या गावातल्या माणसाला मराठी पुस्तक घ्यायचं तर बेळगावला यावं लागतं, निपाणीकडचा कोल्हापूर किंवा गडहिंग्लज गाठतो. मडगावात बसलेल्या मुलाने काय करायचं? पैसे वाचनालयाच्या पावतीपुस्तकावर घ्या आणि पुस्तक निघालं नाही तर परत करा, हे पावतीवरच छापा.

एक पथ्य मात्र तुम्हालाच पाळावं लागेल. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की तुमच्या वाचनालयातल्या मुलांनी एक पुस्तक ‘सोयीसाठी’ स्कॅन करून सभासदांच्या ग्रुपवर टाकलंय. ते आजच काढा. मघाशी सांगितलेला तो जांभळा शिक्का तुमचा निघाला तर पुढची सगळी बोलणी संपली असं समजा, आणि ते पुस्तकही हक्कातलं आहे.

मांडायचं काय, ते सलग सांगतो: एकच पुस्तक, संपलेलं, वारसांच्या सह्यांचा कागद, गावात तपासलेलं प्रूफ, आगाऊ नोंदणीची वही, आणि फुटलं तर तक्रार आम्ही करू, हे लेखी. संमती तीन वर्षांची असली तरी प्रकाशकापुढे पहिली मुदत एक वर्षाचीच ठेवा. वर्षाने विक्रीचा आकडा बघून पुढचं ठरवू, नको वाटलं तर दुकानातून काढून घेऊ, असं म्हटलं की होकार लवकर मिळतो. विकलेल्या प्रती परत येत नाहीत, पण नवी विक्री थांबवता येते, हेही स्पष्ट सांगा.

एवढं करूनही प्रकाशक नाही म्हणाले तर भांडू नका. त्यांच्याकडून एक छोटं पत्र तेवढं मागा: ‘अमुक पुस्तकाच्या ई-आवृत्तीचे हक्क आमच्याकडे नाहीत, लेखकांनी किंवा वारसांनी ती काढण्यास आमची हरकत नाही. मुखपृष्ठ आणि आमची मांडणी मात्र वापरू नये.’ मुखपृष्ठाचं ते वाक्य तुम्हीच घाला, त्यांनी मागायच्या आत. चित्रकाराचा हक्क वेगळा असतो आणि नवं मुखपृष्ठ करून घेणं काही अवघड नाही. असं पत्र द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, कारण त्यात त्यांना काही करायचं नसतं. मग लेखकाच्या घरच्यांच्या नावाने खातं काढा आणि पुस्तक चढवा. बँक खातं आणि पॅन त्यांचंच द्या, वाचनालयाचं नको, नाहीतर वर्षाच्या शेवटी दोघांचेही हिशोब गुंततात.

जुनी फाईल श्रीलिपीत असेल आणि उघडत नसेल तर दोन पानं पाठवा, कोणत्या आवृत्तीचा फॉन्ट आहे ते बघून सांगतो.